श्रमदान आणि देणगी मोहीम एकमेकांवर आदळू नयेत म्हणून वर्षाचं वेळापत्रक कसं लावावं

मे महिन्याचा तिसरा आठवडा. माळावर सलग समतल चर (पावसाचं पाणी मुरावं म्हणून उताराला आडवे, एका पातळीत घेतलेले) खणायचे बाकी आहेत, पाऊस तीन-चार आठवड्यांवर आला आहे. ज्या कार्यकर्त्याने रविवारी पहाटे गावात टेप घेऊन उभं राहायला हवं, तो मात्र कार्यालयात बसून देणगीदारांना फोन लावतो आहे: "पॅन नंबर आणि पूर्ण पत्ता द्याल का?" वर्षभरातल्या देणग्यांचं विवरणपत्र प्राप्तिकर खात्याकडे भरायची शेवटची तारीख ३१ मे. दोन्ही कामं महत्त्वाची, दोन्हींना मुदत आहे आणि माणूस एक.

पंधरा-वीस कार्यकर्त्यांच्या संस्थेत हे दरवर्षी होतं. पुढची पद्धत पाणलोट आणि वृक्षलागवडीचं काम करणाऱ्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कार्यालय आणि देणगीदार पुण्या-मुंबईत, काम माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत, अशी त्यांची मांडणी असते. नदीस्वच्छता किंवा शाळादुरुस्ती करणाऱ्यांना तारखा बदलून घ्याव्या लागतील, रीत तीच राहील.

आधी माणसं मोजा

कॅलेंडर उघडण्यापूर्वी गेल्या वर्षीचं हजेरीपुस्तक उघडा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली नावं मोजू नका. ग्रुपवर "नक्की येतो" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे धरले, तर हिशेब फारसा चुकत नाही.

मग काम तासांत मांडा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराचा एक मीटर म्हणजे ०.१८ घनमीटर माती. मध्यम मुरुमात नवख्या माणसांची एक जोडी, एकाच्या हाती टिकाव आणि दुसऱ्याच्या हाती फावडं-घमेलं, दोन तासांत साधारण दोन मीटर काढते. वीस जण म्हणजे दहा जोड्या, म्हणजे एका सकाळी २० मीटर. ३०० मीटरचं काम असेल तर १५ सकाळी लागतील. एप्रिल-मे मिळून रविवार येतात आठ किंवा नऊ, म्हणजे शहरातून येणाऱ्या वीस जणांकडून १६० मीटर होतील. उरलेल्या १४० मीटरसाठी गावातल्या वीस जणांच्या सात सकाळी हव्यात, किंवा मशीनचे पैसे हवेत. मशीन लावायचं असेल तर डिझेलचा निधी एप्रिलच्या आधी जमलेला लागतो. हा आकडा जानेवारीत समोर असला, की देणगी मोहिमेला नेमकी किती रक्कम कधीपर्यंत उभी करायची तेही ठरतं. मुरुम कडक असेल तर वेग निम्म्यावर येतो, म्हणून पहिल्याच दिवशी तीन जोड्यांचं काम टेपने मोजा आणि हिशेब दुरुस्त करा.

देणगीचं कामही असंच तासांत मांडा. फोन, पावती, वहीत नोंद आणि आभार यांना एका देणगीदारामागे २० मिनिटं धरली, तर २०० देणगीदारांना सुमारे ६७ तास लागतात. म्हणजे एका माणसाचे आठ पूर्ण दिवस. हे आठ दिवस कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेले नसतात. सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मोजणी झाली की एक नियम लिखित करून ठेवा: हिशेब आणि पावत्या पाहणारा माणूस त्याच हंगामात कामाच्या जागेचा समन्वयक असणार नाही. संस्था कितीही छोटी असली तरी हा नियम पाळावा. तो मोडला की आधी पावत्या रखडतात आणि मग चराची मापं चुकतात.

तारखांचे तीन ढीग

पहिल्या ढिगात आपल्या हातात नसलेल्या तारखा: पाऊस, मातीची ओल, ओढ्याचं पाणी आणि कायद्याच्या मुदती. दुसऱ्यात गावाच्या आणि पंचांगाच्या तारखा: ग्रामदैवताची जत्रा, लग्नतिथी, पेरणी, वारी, आठवडे बाजार, दहावी-बारावीच्या परीक्षा. तिसऱ्यात आपण स्वतः ठरवलेल्या: आवाहनाचं पत्र, ऑनलाइन मोहीम, देणगीदारांचा मेळावा, वर्धापनदिन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर याच क्रमाने तीन रंगांत खुणा करा. दोन खुणा एकाच पंधरवड्यात आल्या, तर वरच्या ढिगातली तारीख राहील आणि खालच्या ढिगातली सरकेल. बऱ्याच संस्था नेमकं उलट करतात. मेळाव्यासाठी सभागृह आधी ठरवतात आणि मग गावाला विचारतात.

दुसऱ्या ढिगासाठी गावात प्रत्यक्ष बसून विचारायला हवं. चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा असतात. जत्रेचा दिवस, आदला आणि नंतरचा, असे तीन दिवस सोडून द्या. दाट लग्नतिथीच्या दिवशी गावातली तरुण पोरं मांडवात असतात, माळावर येत नाहीत. गायरानावर काम करायचं असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. एप्रिलचं काम असेल तर ठराव २६ जानेवारीलाच व्हावा. १ मेची वाट पाहिली तर निम्मा हंगाम गेलेला असतो.

गेल्या वर्षीचं वेळापत्रक तारखा बदलून पुढे चालवू नका. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे सण दरवर्षी अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ (१७ मे ते १५ जून २०२६) येतो. अधिक मासात दान देण्याची रीत आहे. देणगीच्या आवाहनाला हा महिना चांगला, पण तो ऐन श्रमदानाच्या शेवटच्या टप्प्यावर येतो. अशा वर्षी आवाहनाची पत्रं एप्रिलमध्येच लिहून, छापून तयार ठेवावीत.

एप्रिल-मे : सर्वांत मोठी टक्कर

श्रमदानाचा खरा हंगाम हाच. रब्बी निघालेली असते, जमीन मोकळी असते, पाऊस यायचा असतो. सत्यमेव जयते वॉटर कप ही पाणी फाउंडेशनची गावागावांतली ४५ दिवसांची जलसंधारण स्पर्धाही ८ एप्रिल ते २२ मे अशी याच खिडकीत भरत असे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही याच सुमारास गावी परततात.

याच दिवसांत कार्यालयात वर्षअखेरचा हिशेब चालू असतो. ८०जी सवलत (देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी वजावट) असलेल्या संस्थेला आर्थिक वर्षातल्या देणगीदारांची यादी (आजवरचा नमुना १०बीडी) ३१ मेपर्यंत भरावी लागते आणि त्याच मुदतीत देणगीदारांना प्रमाणपत्र (१०बीई) द्यावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय दंडाची तरतूद आहेच. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक वेगळे आहेत, म्हणून नेमका क्रमांक आणि मुदत दर एप्रिलला आपल्या सीएकडून तपासून घ्या.

ही टक्कर टाळायचा उपाय मे महिन्यात सापडत नाही. तो देणगी येते त्या दिवशी करायचा असतो. पावतीपुस्तकात किंवा ऑनलाइन अर्जात चार रकाने सक्तीचे ठेवा: पावतीवर यावं तसं पूर्ण नाव, पॅन किंवा चालणारा दुसरा ओळख क्रमांक, पिनकोडसह पत्ता आणि रक्कम कशी दिली. यूपीआयने थेट खात्यात आलेल्या रकमा सर्वांत त्रास देतात, कारण बँकेच्या उताऱ्यात नुसतं अर्धवट नाव दिसतं. दर शनिवारी उतारा काढून अशा नोंदींना त्याच आठवड्यात फोन करा. आठवड्याला चार फोन जड जात नाहीत, मे महिन्यात दोनशे जातात. यादी १५ एप्रिलपर्यंत पुरी करा आणि २५ एप्रिलपर्यंत सीएच्या हाती द्या. मे महिना श्रमदानासाठी मोकळा राहील.

श्रमदानाच्या जागी दानपेटी ठेवू नका. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर ३० टक्के कर लागतो, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला ८०जी सवलत मिळत नाही. क्यूआर कोडचा फलक लावावा, तर माळावर बहुतेक वेळा रेंज नसते. त्यापेक्षा नाव, फोन आणि "मला इतकी मदत करायची आहे" एवढ्या तीन ओळींची छापील चिठ्ठी ठेवा, आणि फोन करा जून सरल्यावर.

उन्हाचाही हिशेब आहे. काम सकाळी सहाला सुरू होऊन साडेआठ-नऊला थांबायला हवं. पुण्याहून तीन-चार तासांचा प्रवास असेल तर लोकांनी शनिवारी रात्रीच गावात पोचायला हवं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी शहरात देणगीदारांचा कार्यक्रम ठेवता येणार नाही. वेळापत्रकात "रविवार : श्रमदान" असं लिहिलं जातं, पण त्याने शनिवार दुपारपासूनचा वेळ घेतलेला असतो. तो कॅलेंडरवर रंगवा.

मार्च आणि कंपन्यांचा निधी

मार्चमधलं "करसवलतीसाठी द्या" हे आवाहन आता पूर्वीइतकं चालत नाही. नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळत नाही आणि पगारदार वर्गातले पुष्कळ जण त्याच प्रणालीत आहेत. त्यांच्यासाठी ३१ मार्चला विशेष अर्थ उरलेला नाही. त्यामुळे वैयक्तिक देणगीदारांची मुख्य मोहीम फेब्रुवारीत आणता येते, आणि मार्चमध्ये फक्त जुन्या प्रणालीतल्या नेहमीच्या देणगीदारांना आठवण करावी. एवढ्या एका बदलाने मार्चचे दोन आठवडे सुटतात. ते अवजारं, मापं आणि आखणी यांसाठी वापरा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या निधीचं, गणित वेगळं आहे. कंपनीला खर्च ३१ मार्चपर्यंत दिसायला हवा असतो आणि काम होतं एप्रिल-मेमध्ये. मग फेब्रुवारीत घाईने चर खणले जातात, तेव्हा शेतात पिकं उभी असतात आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये "चालू प्रकल्पा"ची सोय आहे. त्यात न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. हा निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाचा असतो, म्हणून प्रस्ताव देतानाच, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, लिहा की काम दोन आर्थिक वर्षांत पसरलेलं आहे आणि का. मार्चमध्ये ही विनंती केली तर कोणीच ऐकू शकत नाही.

५ जूनचा मोह

जागतिक पर्यावरण दिन म्हणजे देणगीसाठी आणि फोटोसाठी हमखास तारीख. झाडासाठी मात्र वाईट. मोसमी पावसाची मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीखच ११ जून आहे, आणि दुष्काळी पट्ट्यात पहिल्या सरीनंतर मोठी उघडीपही पडते. ५ जूनला कोरड्या खड्ड्यात लावलेलं रोप टँकर नसेल तर आठवडाभरात माना टाकतं, आणि पुढच्या वर्षी तोच देणगीदार विचारतो, "माझं झाड कुठाय?"

दोन तारखा वेगळ्या करा. ५ जूनला फक्त निधी घ्या, पावतीवर "लागवड पुरेशा पावसानंतर, जुलैत" असं स्पष्ट छापा. खड्डे (४५ सेंटिमीटर लांब, तितकेच रुंद आणि खोल) मेच्या मध्यापर्यंत खणून उन्हात तापू द्या. लागवडीची तारीख जमिनीला विचारा: खड्ड्याशेजारी कुदळ मारून पाहा, वीतभराखालीही माती मुठीत दाबल्यावर गोळा धरत असेल तर लावा. साधारण आर्द्रा नक्षत्र लागून गेल्यावर ही वेळ येते.

इथे आणखी एक अडचण आहे. लागवडीला योग्य पाऊस तोच पेरणीला योग्य पाऊस. वापसा (पेरणीजोगी ओल) आला की गाव आठ-दहा दिवस शेतात असतं, आणि त्या दिवसांत गावाकडून माणसं मागणं हा अन्याय आहे. त्यानंतर आषाढी वारी. म्हणून या टप्प्यावर भार शहरातल्या स्वयंसेवकांनी उचलायचा. त्यासाठी जूनच्या शेवटापासून सलग तीन रविवार त्यांच्याकडून राखून घ्या आणि नक्की कोणता ते चार दिवस आधी कळवा. हे आधीच सांगितलं असेल तर लोक समजून घेतात. जूनच्या पूर्वार्धात छोट्या देणगीदारांना नवं आवाहनही करू नये. शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि गणवेश यांत हात आखडलेला असतो.

ऑक्टोबर : दानउत्सव, दिवाळी आणि वनराई बंधारे

२ ते ८ ऑक्टोबर दानउत्सव (देशभर पाळला जाणारा दानाचा आठवडा), पाठोपाठ दिवाळीची उटणं-पणत्या-फराळाची विक्री. याच काळात ओढ्याला पाणी वाहत असतं आणि वनराई बंधारा (माती-वाळू भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध) घालायची वेळ हीच असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी ओढा ऑक्टोबरअखेरच आटतो. दिवाळीनंतर पोचलं तर अडवायला पाणी नसतं.

दहा मीटर लांब, एक मीटर उंच, तळाला दीड मीटर आणि माथ्याला साठ सेंटिमीटर रुंद अशा बंधाऱ्याला सिमेंटच्या सुमारे ३०० रिकाम्या गोण्या लागतात. वीस माणसं एका सकाळी, साडेतीन-चार तासांत, तो उभा करतात, पण गोण्या, सुतळी आणि दाभण आधी जागेवर असतील तरच. गोणी पाऊण भरायची आणि तोंड शिवायचं. गच्च भरलेली गोणी गोल होते, नीट बसत नाही आणि फटींतून पाणी जातं. विटांसारखे सांधे चुकवून थर लावायचे, मध्ये चिकणमाती भरायची. तळातली सैल वाळू आधी काढली नाही तर बंधारा खालून गळतो.

दानउत्सवात म्हणूनच पैशांऐवजी गोण्या मागा. बांधकामं चालू असलेल्या सोसायट्या, ठेकेदार आणि सिमेंटचे दुकानदार आनंदाने देतात. विणलेल्या प्लास्टिकच्याच घ्या, कागदी नकोत. संकलन ८ ऑक्टोबरला संपवा, ट्रक १० तारखेपर्यंत गावात पोचवा. दिवाळीच्या स्टॉलवर बसणारे आणि बंधाऱ्यावर जाणारे यांच्या याद्या वेगळ्या ठेवा आणि एकही नाव दोन्हींत येऊ देऊ नका. गावात सोयाबीनची काढणी चालू असते, तेव्हा एखाद्या वस्तीवर मळणी उरकल्याचा निरोप मिळाला की तिथला ओढा आधी घ्या.

डिसेंबर-जानेवारी

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरं याच काळात होतात, आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन, जिच्या निमित्ताने अनेक संस्था निधी उभारतात. महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्येच पत्र द्या. वर्षाचा आराखडा ठरल्यावर दिलेल्या पत्राला उरलेसुरले दिवस मिळतात. मॅरेथॉनच्या अलीकडचे दहा दिवस शिबिर नको. परदेशातली मराठी मंडळी डिसेंबरात काम पाहायला येतात. भारतीय नागरिक आपल्या बचतीतून देत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही, पण परदेशी पारपत्र असलेल्याकडून पैसे घ्यायला एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. गावात चहा घेताना कबूल केलेली रक्कम स्वीकारण्याआधी हे तपासा.

एकाच माणसाकडे दोनदा हात पसरताना

संस्थेचे स्वयंसेवक आणि छोटे देणगीदार बऱ्याचदा तेच असतात. ज्याने काल घाम गाळला त्याला आज पैशाचा संदेश गेला, की तो दुखावतो आणि बोलत नाही. पुढच्या खेपेला येत नाही, एवढंच दिसतं. म्हणून एकच सामाईक यादी ठेवा, प्रत्येक नावापुढे "शेवटचं काय मागितलं" आणि "कधी" हे दोन रकाने. दोन मागण्यांत किमान २१ दिवस. मध्ये एकदा तरी काही न मागता कळवा: किती मीटर झालं, किती झाडं जगली, चर पाण्याने भरल्याचा एक फोटो. श्रमदानाच्या निमंत्रणातच लिहावं:

"नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ६ ते ८.३० श्रमदान आहे. गाडी शनिवारी दुपारी ४ वाजता स्वारगेटहून निघेल. टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आणावा. या महिन्यात देणगीसाठी आम्ही आपल्याला फोन करणार नाही."

शेवटच्या वाक्यावर विश्वास बसतो, पण ते पाळलं तरच.

तरीही दोन तारखा एकत्र आल्या तर

निर्णय कोण घेणार हे आधी ठरलेलं असावं. दोघं पुरेत: जागेचा समन्वयक आणि खजिनदार. एकच प्रश्न विचारा: हे काम चार आठवड्यांनी केलं तर होईल का? बंधारा होणार नाही, लागवड होणार नाही, ३१ मेचं विवरणपत्र होणार नाही. मेळावा होईल, ऑनलाइन मोहीम होईल, वर्धापनदिनही होईल. बदल ४८ तासांत सर्वांना कळवा, गावाला आधी आणि तेही फोन करून. नव्या तारखेशिवाय "पुढे ढकललं" असं कळवलं तर माणसं गळतात.

कंपनीची पन्नास माणसं ठरलेल्या शनिवारीच येणार असतील आणि जमीन कोरडी असेल, तर त्यांना रोपवाटिकेत न्या. माती चाळणं, शेणखत मिसळणं, पिशव्या भरणं ही कामं पावसावर अडत नाहीत, आणि जुलैत लागणाऱ्या रोपांची तयारी त्यातूनच होते.